मावशीच्या मापाची पाखर

संग्रहालयाच्या संचालकांनी मान तिरकी केली, डोळे बारीक केले, थोडे मागे सरकले आणि म्हणाले, "घोडा जरा लहान वाटतोय."

भिंतीपुढच्या परांचीवर बसलेल्या खडूने ब्रश न थांबवता उत्तर दिलं. "वाटत नाहीये, सर. लहानच आहे."

भांडणाला तोंड फुटलं ते इथे. आत धुमसत मात्र ते केव्हापासूनच होतं.

खडू हे काही तिचं पाळण्यातलं नाव नव्हे. लहानपणी तिने घरातली एकही भिंत कोरी सोडली नाही, म्हणून वडिलांनी ठेवलेलं. आता चाळिशी उलटली, केसांत पांढरं दिसायला लागलं, तरी शहरभर ती खडूच. आणि तिचे वडील म्हणजे मास्तर. शाळेत चित्रकला शिकवायचे म्हणून मास्तर, पण लोक त्यांना ओळखायचे ते त्यांच्या घोड्यामुळे. संग्रहालयाच्या दारातून आत पाऊल टाकलं की समोर मास्तरांचं जुनं चित्र. शहराच्या वेशीवर झालेली ती प्रसिद्ध लढाई, आणि मधोमध मागच्या पायांवर उभा राहिलेला पांढराशुभ्र घोडा. मान उंच, आयाळ वाऱ्यावर, पोटाखालून माणूस न वाकता जाईल एवढी उंची. हा घोडा बिस्किटांच्या डब्यावर आहे, फुटबॉलवाल्यांच्या शर्टावर आहे, न्हाव्याच्या आरशाशेजारी आहे. तो जिथे नाही असं एक घर शोधून दाखवा आणि माझ्याकडून चहा प्या.

संग्रहालयाने नवं दालन बांधलं आणि तीच लढाई अख्ख्या भिंतीवर रंगवून घ्यायचं ठरवलं, तेव्हा काम खडूकडे आलं. का आलं, यात काही गुपित नाही. "मास्तरांचीच मुलगी. घोडा रक्तातच असणार," असं संचालक सगळ्यांसमोर म्हणाले होते. खडूने ते ऐकलं आणि गिळलं. तोवर तिने काय केलं होतं? शाळेच्या पुस्तकांत फुलाचे भाग आणि माणसाची पचनसंस्था काढली होती, दुकानांच्या पाट्या रंगवल्या होत्या. भिंत तिला कुणी दिली नव्हती. खाली स्वतःचं नाव लिहायला मिळणार असं काम तर नाहीच नाही. ही भिंत हातची गेली तर दुसरी मिळणार नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

"एकच सांगतो," संचालक तेव्हा म्हणाले होते, "सगळं अगदी खरंखुरं हवं. लढाई जशी झाली तशी."

बिचाऱ्यांना काय माहीत, आपण कुणाला काय सांगून बसलो ते.

खडूने ब्रश उचललाच नाही. आधी घोडा कसा होता ते बघू, म्हणाली, आणि संग्रहालयातल्या पाखरीपुढे जाऊन बसली. पाखर म्हणजे लढाईत घोड्याच्या अंगावर घालायचं चिलखत, हजारो बारीक लोखंडी कड्यांची विणलेली जाळी. त्याच लढाईतली, खरीखुरी. काचेच्या खोलीत एका उंच लाकडी घोड्यावर चढवलेली. शहरातले जाणकार सांगायचे, घोडे किती उंच होते याचा पुरावा हवा तर ही पाखर मोजा. मोजली की माप यायचं थेट मास्तरांच्या घोड्याएवढं.

खडूने हातमोजे चढवले आणि कड्या काढायला बसली. म्हणजे कागदावर. एक-एक कडी, जशी दिसेल तशी. असली चिकाटी फक्त पचनसंस्था काढलेल्या माणसालाच असते. आणि काढता-काढता तिच्या लक्षात आलं की पोटाच्या दोन्ही बाजूंना छातीपासून शेपटीपर्यंत एकेक पट्टा आहे, त्यातल्या कड्या वेगळ्या आहेत. बाकी प्रत्येक कडीची टोकं एकमेकांवर आणून त्यांत टाचणीच्या डोक्याएवढा खिळा ठोकलेला होता. या पट्ट्यातल्या कड्या नुसत्या वाकवलेल्या, टोकाला टोक भिडवून सोडून दिलेल्या. अंगाला घट्ट झालेला कपडा उसवून बाजूला पट्टी लावतात ना, अगदी तसं. कुणीतरी पाखर ढिली केली होती.

तिने भांडारातल्या म्हाताऱ्या कारकुनाला विचारलं. तो चष्मा पुसत म्हणाला, "हो, केलीय ना. मास्तरांचं चित्र गाजलं, तेव्हाचे साहेब म्हणाले, लोकांना तसाच घोडा उभा करून दाखवा. सुताराने चित्र बघून घोडा केला. मग पाखर काही चढेना. मग लोहार बोलावला."

"आणि हे कुणाला सांगितलं नाही?"

"कुणी विचारलंच नाही."

घ्या. मास्तरांनी मनाने घोडा काढला, चित्राबरहुकूम सुताराने घोडा केला, सुताराच्या घोड्यासाठी लोहाराने पाखर वाढवली, आणि ती पाखर मोजून शहाणी माणसं सांगत राहिली की मास्तरांचा घोडा खरा आहे. खडू त्या काचेच्या खोलीत एकटीच हसत सुटली. मग हसू थांबलं, कारण यातलं पहिलं नाव तिच्या बापाचं होतं.

जादा पट्टे सोडून उरलेल्या पाखरीचं तिने माप घेतलं, कागदावर बेतलं आणि तंबूच्या जाड कापडातून तशीच पाखर शिवायला घेतली. आईच्या मशीनवर. तिची वाकडी शिलाई बघून आईने तिला खुर्चीवरून उठवलं.

"आयुष्यभर यांच्या घोड्यावरची धूळ पुसली," आई सुई ओवत म्हणाली, "आता तुझ्या घोड्याचे कपडे शिवते. माणसांसाठी काही करायचं भाग्य नाही माझं."

कापडी पाखर घेऊन खडू आधी घोडेस्वारी शिकवणाऱ्या क्लबात गेली. तिथले घोडे उंच, तुकतुकीत, मास्तरांच्या चित्रातून उतरल्यासारखे. एकाच्याही छातीवर पाखरीचे बंद जुळेनात. मग तिला मावशी आठवली.

मावशी ही भंगारवालीच्या गाडीची घोडी. बुटकी, रुंद, जाड मानेची, पायांवर झिपऱ्या. गल्लीत आली की प्रत्येक दारापुढे आपणहून थांबायची आणि तोंडात काही पडल्याशिवाय हलायची नाही, म्हणून मावशी. खडूने तिच्या पाठीवर पाखर टाकली, बंद ओढले. छातीवर जुळले, शेपटीखाली जुळले, पोटाशी बोटभर मोकळीक उरली. शिंप्याने मावशीलाच उभं करून माप घेतलं असतं तरी याहून नेमकी बसली नसती. खडू रडली. भर रस्त्यात, भंगाराच्या गाडीला टेकून, नाक पुसत रडली. भंगारवाली म्हणाली, "ताई, घोडी विकायची नाहीये हं मला."

तिथून पुढे खडूचा मुक्काम मावशीजवळ. गाडी जड झाली की मावशी मान वर नाही करत, खाली घालते आणि खांद्याने रेटते. पत्रा जोरात आदळला तर मागच्या पायांवर वगैरे उभी राहत नाही, कान मागे टाकते आणि चारही पाय रोवते. खडूने हे सगळं काढलं, पुन्हा-पुन्हा काढलं आणि मग भिंतीवर चढवलं. भिंतीवर चिखल होता, आणि चिखलात बुटक्या, रुंद घोड्या माना खाली घालून समोरच्या शत्रूच्या फळीला रेटत होत्या. एकही मागच्या पायांवर उभी नव्हती, पांढरीशुभ्रही एकही नव्हती.

घरी मास्तरांनी कच्ची चित्रं पाहिली. "हे घोडे आहेत की शेळ्या?"

"बाबा, तुम्ही कुठला घोडा बघून काढला होतात?"

"शर्यतीचा. का?"

"लढाईच्या वेळी तसले घोडेच नव्हते इथे."

"नसतील. माझ्या चित्रात आहेत."

मग तिने पाखरीची गोष्ट सांगितली. मास्तर ऐकत राहिले, ताटावरून उठले आणि हात धुवायला गेले. त्या दिवसापासून बापलेकीचं बोलणं बंद. जेवायला समोरासमोर, पण "तिला सांग, मीठ दे" आणि "त्यांना सांग, घ्या". आई म्हणायची, मला पगार द्या, मी दुभाषी झालेय तुमची.

आणि आता संचालक परांचीखाली उभे होते.

"आणि ही घोडी आहे?" त्यांनी अजून जवळून पाहिलं.

"हो. घोडीच."

"मॅडम, घोडा मोठा करा. पुढचे पाय वर घ्या. लोक काय बघायला येणार आहेत?"

"लढाई जशी झाली तशी, असं तुम्हीच म्हणाला होतात."

"लोकांना पटेल अशी जशी झाली तशी."

खडूने वरूनच पाखरीच्या कड्यांचं सगळं सांगितलं. संचालकांचा चेहरा उतरला. त्यांनी दाराकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "हे बाहेर बोलू नका. आणि समिती भिंत बघायला येईल तेव्हा घोडा मोठा झालेला हवा, नाहीतर भिंत दुसऱ्याला द्यावी लागेल. यावर रंग चढवायला किती वेळ लागतो?"

खडूने ब्रश खाली ठेवला.

पण संचालकही कच्च्या गुरूचे चेले नव्हते. ते तिच्या नकळत घरी गेले आणि मास्तरांपुढे हात जोडून बसले. मास्तर, तुमचाच हात लागू दे. पोर हट्टाला पेटलीय, आपलंच घोडं दामटतेय, तुम्हीच सांभाळून घ्या. संध्याकाळी आईने भाजी चिरता-चिरता खडूला सांगितलं.

"मग? काय म्हणाले?"

"हो म्हणाले."

लोकांनी खडूला आयुष्यभर मास्तरांची मुलगी म्हटलं, ते तिने चालवून घेतलं. पण तिच्या घोडीवर बापाने घोडा रंगवायचा? ती तरातरा त्यांच्या खोलीत गेली. मास्तर खिडकीशी बसून जुने ब्रश धूत होते. त्यांना पाण्याचं भांडंसुद्धा नीट धरता येत नव्हतं.

"बाबा, तुम्ही माझ्या भिंतीला हात लावणार?"

"बघतो."

"बघतो म्हणजे काय?"

"बघतो म्हणजे बघतो. अजून डोळे आहेत मला."

"तुम्ही परांचीवर चढलात तर मी खालून शिडी काढून घेईन. सांगून ठेवते."

"मग वरच राहीन," मास्तर म्हणाले आणि ब्रश झटकला. पाणी तिच्या तोंडावर उडालं. मुद्दाम उडवलं की कसं, ते त्यांनाच ठाऊक.

समिती आली. कडक इस्त्रीची माणसं, हातात कागद. संचालक पुढे, मास्तर त्यांच्याशेजारी, काखेत रंगांची लाकडी पेटी. खडूची वाट बघत सगळे भिंतीपुढे उभे राहिले. तेवढ्यात मागचं मोठं दार उघडलं, जिथून खोकी आत आणतात ते, आणि फरशीवर टापा वाजल्या. आधी मावशी आत आली, अंगात कापडी पाखर घालून. तिच्या मागून भंगारवाली, तिच्या मागून खडू.

"हे काय आहे?" संचालकांचा आवाज चिरकला.

"पुरावा," खडू म्हणाली. "कागदावरचा तुम्हाला नको होता, म्हणून चालता आणला. आता ज्यांना घोडा मोठा हवाय त्यांनी असा मोठा घोडा आणावा, ज्याच्या अंगात ही पाखर जाईल. तो आणा, मी आजच्या आज भिंत पुसते."

मावशीला त्या दालनाचं काही अप्रूप नव्हतं. समोर माणसांची रांग दिसली, म्हणजे दारंच ती. पहिल्या माणसापुढे थांबली आणि त्याच्या खिशाला नाक लावलं. तो माणूस भिंतीला चिकटला. नेमके संचालकच होते ते.

मास्तरांनी पेटी खाली ठेवली. ते मावशीभोवती सावकाश एक फेरी मारून आले. मानेवर हात ठेवला, पाखरीखालून खांदा चाचपला, वाकून पाय बघितले. घोड्यासाठी नाव झालेल्या या माणसाने किती वर्षांत घोड्याला हात लावला नव्हता, कोण जाणे. खडू त्यांच्या हाताकडे बघत होती. समितीचं काहीही होवो, आता बापाने एक शब्द वाकडा बोलला असता तर तिला तो सहन झाला नसता.

"बस तिच्यावर," मास्तर म्हणाले.

त्या संध्याकाळनंतर ते तिच्याशी बोललेला हा पहिला शब्द. खडूने भंगारवालीकडे पाहिलं, तिने मान हलवली. रंगाने माखलेल्या पँटीत खडू कशीबशी मावशीवर चढली. तिचे पाय दोन्ही बाजूंनी लोंबत मावशीच्या पोटाखाली आले. समितीतलं कुणीतरी फिस्सकन हसलं.

मास्तरांनी तिच्या पायांकडे पाहिलं. मग भिंतीकडे पाहिलं. मग परत पायांकडे.

"भिंतीवरच्या स्वारांचे पाय असे का नाहीत?"

खडूचे कान तापले. तिला उत्तर ठाऊक होतं. भिंतीवर तिने प्रत्येक स्वाराचा गुडघा वर ओढला होता, पाय ठेवायची रिकीब आखूड केली होती, जिथे जमेना तिथे धूळ उडवून पाऊल झाकलं होतं. तो दुमडलेला गुडघा कुठून आला होता तेही तिला ठाऊक होतं. तो दाराजवळच्या चित्रातला होता, बापाच्याच हातचा. बुटक्या घोडीवर लांब पायांचा माणूस हास्यास्पद दिसतो. लोक हसतील म्हणून ती घाबरली होती, आणि आपण घाबरलो हे तिने स्वतःलाही कळू दिलं नव्हतं.

"घोडी खरी आणि माणूस खोटा," मास्तर म्हणाले. आवाज बारीक होता, पण दालनभर ऐकू गेला. "मी सगळंच्या सगळं खोटं काढलं, म्हणून ते चित्र उभं राहिलं. छान आहे ते, मला अजून आवडतं. कुणाची माफी मागणार नाही मी त्यासाठी. तू मात्र अर्धंच खरं काढलंस. म्हणून तर या लोकांना वाटतंय, जरा ढकललं की पडेल. भांडायचंच होतं तर नीट भांडायचं होतंस."

"मास्तर," संचालक मध्ये आले, "आपण घोडा मोठा करायला आला होतात ना?"

"मी बघायला आलो होतो. बघितलं."

"मग आम्हाला भिंत दुसऱ्या कुणाला..."

"द्या. फक्त कोणाला देताय ते मला सांगा. या शहरात ब्रश धरणारे निम्मे माझ्या हाताखालून गेलेत, त्यांचे कान अजून माझ्या ओळखीचे आहेत."

"आणि मी पाखरीच्या कड्यांबद्दल बोलणार," खडू घोडीवरूनच म्हणाली. "इथे बोलणार, बाहेर बोलणार, विचारतील तिथे बोलणार, न विचारता पण बोलणार. लोहाराच्या कड्या कुठल्या, ते त्या काचेसमोर उभी राहून बोट लावून दाखवणार."

"कुठल्या कड्या?" समितीतल्या एका बाईंनी कागद खाली घेतला. "कुठला लोहार?"

संचालकांनी रुमाल काढला. एका बाजूला मास्तर, एका बाजूला ती घोडी, मावशीचं नाक अजून त्यांच्या खिशाशी. "लोक हसतील, मॅडम," ते शेवटी म्हणाले. "उद्घाटनाला पडदा वर गेला की हसतील. मग माझ्याकडे यायचं नाही. जबाबदारी तुमची."

"माझीच. खाली नाव माझंच असणार आहे. आणि हसू देत की. हसायला तरी बघावं लागेल ना."

ते निघून गेले नाहीत, पण पुन्हा भिंत दुसऱ्याला द्यायचं नावही त्यांनी काढलं नाही. त्या बाई मात्र कड्यांचं काय ते ऐकायला तिथेच थांबल्या.

खडू मावशीवरून उतरली आणि थेट शिडीकडे गेली. पहिल्या पायरीवर पाऊल ठेवलं तर शिडी हलली. तिने खाली पाहिलं. मास्तरांनी दोन्ही हातांनी शिडी धरली होती. हात थरथरत होते, त्याने शिडी आणखीच हलत होती.

"बाबा, सोडा. पडेन मी."

"चढ गुमान."

ती चढली. पुढच्या स्वाराचा वर ओढलेला गुडघा तिने पात्याने खरवडला. झाकायला उडवलेली धूळ खरवडली. मग कोळसा घेतला आणि एका दमात पाय खाली सोडला, मांडी, पोटरी, घोटा, सरळ घोडीच्या पोटाखाली, चिखलाला जवळजवळ टेकेल असा. खाली समितीत कुणीतरी पुन्हा हसलं. खडूने मागे वळून पाहिलं नाही. तिच्यासमोर एक मोठा, अवघडलेला माणूस एका बुटक्या, दमलेल्या घोडीवर बसून लढाईला निघाला होता, आणि ती घोडी त्याला घेऊन जाणार हे आता दिसत होतं.

"दुसऱ्याचापण," खालून मास्तर म्हणाले. "सगळ्यांचे सोड. मी आहे इथे."